आधी तोंड बघा, मग बोल्ट आवळा

पार्सल फोडल्यावर पहिलं काम बोल्ट शोधण्याचं नव्हे. नवा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणारा पाइपांचा जुडगा, उचलायचा, उजेडाकडं धरायचा आणि एकेका रनरमधून, म्हणजे एकेका सिलिंडरच्या पाइपातून, आत बघायचं. माझ्या भाच्यानं पार्सल फोडलं आणि आधी फोटो काढला. म्हटलं, "लेका, फोटो मागनं काढ. आत काय हाय ते बघ आधी." दुसऱ्या नंबरचा पाइप जिथं पोटाच्या डब्याला, म्हणजे प्लेनमला जोडला होता, तिथं आर्गन वेल्डिंगचा ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब लटकत होता. बोट लावलं तर हलला. एअर फिल्टर असतो टर्बोच्या, म्हणजे हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या, आधी आणि मॅनिफोल्ड असतो टर्बोच्या नंतर, त्यामुळं इथं जे आत राहील ते अडवायला मध्ये कोणी नाही. ते पिस्टनच्या डोक्यावरच पडणार.

मी गॅरेजवाला नव्हे, हे आधीच सांगतो. शिरोलीच्या एका फौंड्रीत आधी कोअर शॉप, म्हणजे ओतकामातले वाळूचे गाभे करायची जागा, आणि मग टूलरूम अशी २८ वर्षं काढली. आता कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक मिलिंग मशीन, एक जुना लेथ आणि एक सरफेस प्लेट, म्हणजे तंतोतंत सपाट फरशी, घेऊन बसलोय. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, त्या गावात बाहेरून आलेला सुटा भाग आहे तसा बसवायचा म्हणजे मला कमीपणाच वाटतो. त्यामुळं पुढं जे लिहिलंय त्यात बोल्ट आवळण्यापेक्षा घासणं, मोजणं आणि धुणं जास्त आहे. ज्यांना दुपारी सुरू करून संध्याकाळी गाडी फिरवायची आहे त्यांनी दुसरं काही वाचावं.

गाडी भाच्याची. २००४ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १७८१ सीसी, चार सिलिंडरला वीस व्हॉल्व्ह, कंपनीतून १५० हॉर्सपॉवर. २०१९ च्या महापुरात ही गाडी दारांपर्यंत पाण्यात उभी होती. आधीच्या मालकानं शहाणपणा एवढाच केला की पाणी ओसरल्यावर चावी मारली नाही. म्हणून इंजिन वाचलं आणि भाच्याला स्वस्तात मिळालं.

कायद्याचं एकदाच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत असा फेरफार करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. अपघात झाला तर विमावालाही हात वर करेल. भाच्याची गाडी आता ट्रॉलीवरून ट्रॅकला जाते आणि ट्रॉलीवरूनच परत येते. तुमच्याकडं ट्रॉली नसेल तर मॅनिफोल्डचे पैसे चांगल्या टायरांत घाला.

आता खरा प्रश्न, हा लागतो का? कंपनीचा छोटा टर्बो असेल तर जवळजवळ नाही. वरच्या आरपीएमला हवा कमी पडते ती टर्बोच लहान म्हणून, मॅनिफोल्ड अरुंद म्हणून नव्हे. भाच्यानं टर्बो मोठा घातला, तेव्हा कुठं कंपनीचा मॅनिफोल्ड आडवा यायला लागला. शिवाय बाजारातल्या बहुतेक मॅनिफोल्डांचे रनर आखूड असतात. लांब रनर खालच्या आरपीएमला ओढ देतो, आखूड रनर वरच्या. दसरा चौकातून राजारामपुरीत जाईपर्यंत जी गाडी तीन हजारांच्या वर जात नाही, तिला आखूड रनर लावला तर ती आधीपेक्षा मरगळलेली वाटणार. मी हे भाच्याला सांगितलं. "मामा, ट्रॅकवर खाली कोण चालवतंय?" म्हणाला. बरोबर होतं, म्हणून मी हात घातला.

विकत घेतानाच डब्याचा आकार बघा. सपाट पत्र्याचा चौकोनी डबा दिसायला देखणा, पण हिशेब करा. ३० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद अशी एक बाजू म्हणजे ३०० चौरस सेंटिमीटर. एक बार बूस्टला, म्हणजे टर्बोनं भरलेल्या जादा दाबाला, तेवढ्या पत्र्यावर आतून सुमारे ३०० किलोचा रेटा येतो. तीन पोती सिमेंट नव्हे, सहा पोती. पातळ पत्रा प्रत्येक वेळी पोटासारखा फुगतो आणि बसतो, आणि काही महिन्यांत वेल्डच्या कडेनं केसाएवढी चीर जाते. गोल पोट किंवा आतून रिब असलेलं पोट घ्या. आणि थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, एका टोकाला असेल तर पोट त्या टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं निमुळतं होत गेलेलं बरं. सरळ डब्यात हवा शेवटच्या भिंतीवर आपटते आणि त्या सिलिंडरला जास्त जाते. इंजेक्टर मात्र चौघांना सारखंच पेट्रोल देतात. मग तो एक सिलिंडर पेट्रोल कमी पडून कोरडा चालतो आणि नॉक करतो, म्हणजे आतलं मिश्रण आपसूक भडकून ठकठकतं.

पोट किती लिटरचं आहे ते पाणी भरून मोजा. रनरची तोंडं चिकटपट्टीनं आणि रबराच्या तुकड्यांनी बंद करायची आणि दुधाच्या अर्ध्या लिटरच्या मापानं ओतत जायचं. टर्बो गाडीला पोट इंजिनाच्या सीसीच्या एक ते दीडपट असावं असा ठोकताळा आहे, म्हणजे आमच्या इंजिनाला पावणेदोन ते पावणेतीन लिटर. आमचं भरलं सव्वादोन. ठीक.

यानंतरचं काम म्हणजे फेस, आणि माझा सगळा जीव इथंच आहे.

मॅनिफोल्डचा जो सपाट चेहरा हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाला, चिकटतो त्याला आम्ही फेस म्हणतो, जुने मिस्त्री तोंड म्हणायचे. एका जाड पट्टीवर चार पाइप एकाच बाजूनं वेल्ड केले की पट्टी वाकणारच. वेल्ड थंड होताना आवळतं आणि पट्टीची टोकं ओढून घेतं. कितीही चांगल्या माणसानं वेल्ड केलं असू दे. त्यामुळं सरफेस प्लेटवर निळं, म्हणजे खुणेचा निळा रंग, लावायचं, फेस त्यावर हलका फिरवायचा आणि उचलून बघायचं की निळं कुठं लागलं. आमच्या मॅनिफोल्डला फक्त दोन आणि तीन नंबरच्या मध्ये लागलं. टोकांना ०.२० मिलिमीटरचं फीलर गेज, म्हणजे फट मोजायचं पातळ पान, सरळ आत गेलं. सरफेस प्लेट नसेल तर चांगली स्टीलची पट्टी आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांवर धरून फीलर घालून बघा. ०.०५ चं पान जात असेल तर गॅस्केट सांभाळून घेतं. ०.१० जात असेल तर मशीनवर न्या.

"बोल्ट आवळल्यावर बसतंय की ते," असं भाचा म्हणाला, आणि असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. बसतं, खरं आहे. पण वाकडी पट्टी बोल्टनं ओढून सरळ केली की तिचा सगळा ताण रनरच्या वेल्डवर जाऊन बसतो. वर इंजिनाची उष्णता आणि थरथर. मग चीर जाते ती फेसला नव्हे, भलतीकडंच, आणि माणूस गॅस्केट बदलत बसतो.

मशीनवर लावतानाही तीच चूक होते, आणि चांगल्या चांगल्या मिलिंगवाल्यांकडून होते. वाकडा मॅनिफोल्ड टेबलवर क्लँपनं दाबून धरला की दाबाखाली तो सरळ होतो. कटर फिरला, फेस आरशासारखा झाला, क्लँप सोडले आणि वाकडेपणा परत आला. पैसे गेले, मटेरियल गेलं आणि वाकडेपणा तसाच. उपाय असा की मॅनिफोल्ड आधी मोकळा टेकवायचा, कुठं हवेत राहतोय ते बघून तिथं शिम, म्हणजे पातळ पत्र्याचे तुकडे, सरकवायचे, आणि ज्याच्या खाली टेका आहे त्याच जागी क्लँप लावायचा. डायल गेज फेसवर ठेवून क्लँप आवळायचा. काटा हलला तर तुम्ही पट्टी वाकवताय. मी पाव मिलिमीटर घेतलं, तेही दोन पासमध्ये. त्याहून जास्त काढायची वेळ आली तर थांबून विचार करा, कारण फेस जेवढा खाली जाईल तेवढे इंजेक्टर आणि खालचा आधाराचा ब्रॅकेट सगळे सरकणार. थ्रॉटल बॉडी जिथं बसते तो छोटा फेसही विसरू नका. तो कोणी बघत नाही आणि शिट्टी तिथूनच वाजते.

हेडच्या बाजूचा फेस साफ करताना ग्राइंडरला खरखरीत पॅड लावून फिरवू नका. अल्युमिनिअम मऊ असतं, खड्डा पडायला वेळ लागत नाही, आणि पॅडची भुकटी ऑइलमध्ये गेली की बेअरिंग खाते. प्लॅस्टिकचा किंवा लाकडी स्क्रॅपर आणि संयम, एवढंच.

मग पोर्ट जुळवणं. नवं गॅस्केट आधी हेडला लावून बघा, मग मॅनिफोल्डला. या इंजिनाचे हेड छोट्या पोर्टचे आणि मोठ्या पोर्टचे असे दोन जातींचे येतात आणि मॅनिफोल्डही दोन्ही जातींचे मिळतात. ऑर्डर देताना तिथंच घोटाळे होतात. आतून बोट फिरवलं की पायरी कळते. मॅनिफोल्डचं भोक हेडच्या भोकापेक्षा केसभर लहान चालतं. उलटं असेल तर हवेच्या वाटेत भिंत उभी राहते, ते चालत नाही. गॅस्केटची कडाही भोकात डोकवायला नको. निळं लावून सुईनं खूण करा आणि रोटरी फाईलनं हळूहळू खा. आरशासारखं पॉलिश करायची गरज नाही. भाच्यानं दोन रनर अर्धा दिवस पॉलिश पेपरनं घासले, हुपरीचं पैंजण करायचं असल्यासारखे. मी काही बोललो नाही, पोरगं खूश होतं.

आता धुणं. इथं माझी स्वतःची चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका मित्राच्या गाडीसाठी मॅनिफोल्ड स्वतःच ओतला होता. पॅटर्न मी केला, कोअर मी केले, कास्टिंग देखणं आलं. कॉम्प्रेसरची हवा मारली, धूळ उडाली, साफ झालं असं समजून बसवला. मी कोअर शॉपमधला माणूस, मला कळायला हवं होतं की रनरच्या वळणावर वाळू भाजून धातूला चिकटते आणि ती हवेनं हलत नाही. ती हलते इंजिनाच्या थरथरीनं आणि पेट्रोलच्या वाफेनं. आठवड्याभरात दोन सिलिंडरच्या बोअरवर उभे ओरखडे. इंजिन मी माझ्या खर्चानं उघडलं. मित्र अजून बोलतो माझ्याशी, पण गाडी दुसऱ्याकडं नेतो.

म्हणून कास्टिंगचा मॅनिफोल्ड असेल तर आधी लाकडी हातोडीनं सगळीकडून ठोका, मग लवचिक दांड्याचा तारेचा ब्रश प्रत्येक रनरमधून दोन्ही बाजूंनी फिरवा. वेल्डिंगचा असेल तर थेंब कानसून काढा. मग डिझेलनं धुवा, मग कडक पाणी आणि भांड्यांच्या साबणानं, मग हवा. शेवटी पांढरं सुती फडकं आतून ओढा. फडकं काळं निघतंय तोवर परत पहिल्यापासून. आम्हाला चार फेऱ्या लागल्या.

धुतल्यावर दाबाची परीक्षा. फेसला एक जाड पट्टी आणि रबर लावून चारी भोकं बंद करायची, इंजेक्टरची भोकं बूच मारून बंद, थ्रॉटलच्या तोंडाला एक गोल प्लेट आणि त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह. पाण्याच्या टबात बुडवून रेग्युलेटरनं हळूहळू हवा द्या. जेवढं बूस्ट चालवणार त्याच्या दीडपटीपर्यंत, त्यावर नाही, आणि प्लेटच्या समोर उभं राहायचं नाही. आमच्या तिसऱ्या रनरच्या मुळाशी मोत्यांच्या माळेसारखे बुडबुडे आले. खडूनं खूण केली आणि शेजारच्या आर्गनवाल्याकडून परत वेल्ड मारून घेतलं. मग फेस पुन्हा तपासला, कारण वेल्ड मारला की वाकणं आलंच. यावेळी ०.०५ गेलं नाही. वर एम-सील फासून वेळ मारून नेऊ नका. गरम पेट्रोलची वाफ आणि दाब यांच्यापुढं ते टिकत नाही.

जुना मॅनिफोल्ड काढणं त्यामानानं सोपं. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू करा, ते आपोआप बंद पडेल, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला, रेलमधला, दाब उतरला. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. जुन्या स्कोडाचा रेडिओ नंतर कोड मागतो, तो आधी शोधून ठेवा. रेल उचलताना थोडं पेट्रोल सांडतंच. खाली फडकं, हाताशी फायर एक्स्टिंग्विशर, आणि बिडीवाल्याला शेडच्या बाहेर काढा. या गाडीत टर्बो मागं, फायरवॉलकडं असतो आणि मॅनिफोल्ड पुढं, रेडिएटरच्या पंख्याकडं, त्यामुळं काम समोरूनच होतं. खालचा ब्रॅकेट आणि डिपस्टिकच्या नळीचा बोल्ट दिसत नाहीत. मॅनिफोल्ड हलेना म्हणून पहार लावण्याआधी ते दोन काढले का बघा. पोटाखालच्या ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या, प्लॅस्टिक नळ्या एवढ्या वर्षांनी पापडासारख्या झालेल्या असतात. हात लागताच मोडतात. नव्या आधीच मागवून ठेवा. महापुरातली गाडी असेल तर इंजेक्टरच्या कनेक्टरमध्ये टॉर्च मारा. आमच्या चारपैकी दोघांच्या पिना हिरव्या झाल्या होत्या. नवा मॅनिफोल्ड लावल्यावर मिसफायर आला असता आणि आम्ही दोष मॅनिफोल्डला दिला असता.

हेडची भोकं उघडी पडली की लगेच चिकटपट्टी लावा.

बसवण्याआधी कोरडं बसवून बघायचं. गॅस्केट नाही, ऑइल नाही, नुसते दोन-चार बोल्ट हातानं. आम्ही तीनदा बसवला आणि तीनदा काढला. पहिल्या वेळी डिपस्टिकची नळी आडवी आली. दुसऱ्या वेळी थ्रॉटल बॉडीची वायर पुरेना, आणि ओढून ताणून लावायला मी नको म्हटलं. सहा तारा आहेत, प्रत्येक वेगळ्या जागी कापून क्रिम्प करून वाढवल्या, एकाच जागी सगळे जोड आले तर तिथं गाठ होते. पंख्यापासून किती अंतर राहतं ते बघताना लक्षात ठेवा की इंजिन जागच्या जागी उभं नसतं, ॲक्सिलरेटर मारला की पुढंमागं डुलतं. बोटभर अंतर म्हणजे काहीच नाही, किमान दोन बोटं पाहिजेत. बॉनेटसाठी माझी पद्धत अशी: बहिणीकडून कणकेचा गोळा आणायचा, मॅनिफोल्डच्या सगळ्यात उंच जागी ठेवायचा, बॉनेट हळू बंद करून उघडायचं. कणीक जेवढी जाड उरली तेवढी जागा. बहीण म्हणाली, "गाडीला पण जेवाय घालतोस व्हय रे?"

इंजेक्टर बसवताना नव्या ओ-रिंगा घ्या आणि त्यांना इंजिन ऑइलचा हात लावा. कोरडी ओ-रिंग आत जाताना मुडपते. रेलचे बोल्ट आवळायच्या आधी इंजेक्टर बोटांनी फिरला पाहिजे. फिरत नसेल तर रेल खूप खाली आहे आणि इंजेक्टर चेपला जातोय. वर-खाली हलत असेल तर रेल उंच आहे, आणि दाब आला की तो ओ-रिंग सोडून वर सरकेल. आमच्या रेलखाली दीड मिलिमीटरचे वॉशर घालावे लागले. ते मी लेथवर काढले, बाजारातले दोन वॉशर एका जाडीचे सापडत नाहीत.

आता शेवटचं बसवणं. भोकांतले आटे आधी टॅप घालून साफ करा, जोर न लावता. एखादं भोक आधीच खाल्लेलं असेल तर हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, आत्ताच घाला. "एवढा एक चालतोय" असं म्हणून पुढं गेलात तर तोच बोल्ट शेवटी फिरत राहील. गॅस्केटला सिलिकॉन फासायचं नाही. फेस सरळ असेल तर लागत नाही, आणि वाकडा असेल तर सिलिकॉननं तो सरळ होत नाही. सगळे बोल्ट हातानं टेकवा, मग मधल्यापासून बाहेर, आळीपाळीनं, तीन टप्प्यांत. आमच्या इंजिनाला शेवटचा आकडा १० न्यूटन मीटर आहे. ४, ७, १० असे गेलो. तुमच्या इंजिनाचा आकडा तुमच्या मॅन्युअलात बघा. १० न्यूटन मीटर म्हणजे १० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला दहा किलो जोर, बस. तालमीतल्या पोराच्या हाताला हे कळत नाही. टॉर्क रेंच मागून आणा पण आणा.

खालचा ब्रॅकेट नव्या मॅनिफोल्डला बसत नाही म्हणून बरेच जण सोडून देतात. सोडू नका. पोट, थ्रॉटल बॉडी, रेल, पाइप, एवढं सगळं वजन नुसत्या फेसवर लोंबकळत ठेवलं की इंजिनाची थरथर ते रोज हलवणार. पाच मिलिमीटरच्या पट्टीचा नवा ब्रॅकेट केला, एका टोकाला लांबट भोक ठेवलं, आणि फेसचे बोल्ट पूर्ण आवळून झाल्यावर शेवटी ब्रॅकेट आवळला. आधी आवळला तर तो फेसला ओढतो.

नळ्यांत सगळ्यात महत्त्वाची ब्रेक बूस्टरची. ती मॅनिफोल्डवरूनच घ्यायची, आणि मध्ये एकाच बाजूला हवा सोडणारा चेक व्हॉल्व्ह योग्य दिशेनं. तोंडानं फुंकून बघा. मॅनिफोल्डकडं हवा जायला हवी, बूस्टरकडं नको. ब्रीदरच्या नळीलाही चेक व्हॉल्व्ह लागतो, नाहीतर बूस्ट क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या ऑइलच्या भागात, शिरतं आणि ऑइल सील बाहेर फेकतं. थ्रॉटलच्या होजला साधे पातळ क्लँप नकोत, टी-बोल्टचे घ्या. ७० मिलिमीटरच्या होजला एक बारला जवळजवळ ३९ किलोचा धक्का बसतो, आणि पाइपच्या टोकाला गुंडाळीची उंच कडा नसेल तर तो होज एक दिवस निघणारच.

पेट्रोल टाकण्याआधी हवा. टर्बोच्या बाहेर पडणाऱ्या पाइपला बूच मारून रेग्युलेटरनं एक बार द्या, गाडी न्यूट्रलला, हात पंख्यापासून लांब. साबणाचं पाणी प्रत्येक सांध्यावर. ऑइलच्या झाकणातून हलकं फुसफुसणं येईल, ते रिंगांमधून जातं, त्यात काही नाही. झाकणातून जोरात हवा आली तर ब्रीदरचा चेक व्हॉल्व्ह उलटा लागलाय. आमचा उलटाच लागला होता, आणि तो मीच लावला होता. भाच्यानं तोंडातून शब्द काढला नाही, फक्त बघत राहिला.

फ्यूज परत घाला, चावी तीन-चार वेळा पहिल्या टप्प्यापर्यंत फिरवा, सुरू करू नका, आणि प्रत्येक इंजेक्टरच्या मुळाशी कोरडा कागद फिरवा. ओला झाला तर पुढं नाही. मग स्कॅनर लावा आणि थ्रॉटलचं ॲडॅप्टेशन करा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला त्याची उघडझाप परत शिकवा. या गाडीत बेसिक सेटिंग्जमधला ६० नंबरचा ग्रुप. थ्रॉटल टकटक करतं आणि एडीपी ओके दिसतं.

सुरू झाल्यावर आधी ब्रेक. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबून कडक करा, पाय दाबून ठेवा आणि सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर गाडी शेडबाहेर काढायची नाही.

मग आकडे. स्कॅनरच्या ३२ नंबरच्या ग्रुपमध्ये फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती कमी-जास्त करतोय ते, दिसतात. आयडलचा आकडा बराच अधिकमध्ये गेला असेल तर मॅनिफोल्ड बाहेरची, न मोजलेली हवा आत ओढतोय. बूस्टमध्ये उलटं होतं. मोजलेली हवा बाहेर जाते, पेट्रोल मात्र तेवढंच पडतं, आणि सायलेन्सरमधून काळा धूर येतो. ११५ मध्ये मागितलेलं आणि मिळालेलं बूस्ट शेजारी शेजारी दिसतं. तिथला आकडा पूर्ण दाबाचा, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाबही धरून, असतो हे पोरं विसरतात. इंजिन बंद, चावी चालू असताना कोल्हापुरात तिथं ९४० ते ९५० मिलिबार दिसायला हवेत, कारण आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास वर आहोत. मुंबईत तोच आकडा हजाराच्या वर दिसेल. म्हणजे १९५० दिसलं तर बूस्ट एक बार आहे, दोन नव्हे. २० नंबरमध्ये चारी सिलिंडरचं स्पार्कचं टायमिंग नॉकमुळं किती मागं ओढलं जातंय ते दिसतं. तीन सिलिंडर शून्याजवळ आणि थ्रॉटलपासून सगळ्यात लांबचा एकटाच मागं जात असेल, तर वर सांगितलेला पोटाचा दोष समोर आला म्हणायचा. तेव्हा बूस्ट कमी करा. नवा मॅप, म्हणजे कॉम्प्युटरमधला पेट्रोल-स्पार्कचा तक्ता, मारणाऱ्यालाही हे आकडे आधी दाखवा. मॅनिफोल्ड बदलून जुन्याच मॅपवर पूर्ण बूस्ट मारू नये.

भाच्यानं हुपरीच्या बाजूच्या ट्रॅकवर पहिल्या दिवशी अर्ध्या ॲक्सिलरेटरवर आठ फेऱ्या मारल्या. चार हजारांपर्यंत गाडी आधीपेक्षा सुस्त, त्यावर सुटली की सुटली. स्कॅनरची नोंद बघितली, चौथा सिलिंडर दीड डिग्री मागं, बाकी शून्य. चालण्यासारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन रात्रभर थंड झाल्यावर, टॉर्क रेंच परत त्याच क्रमानं फिरवायचा. गरम इंजिनावर नाही. तीन नंबरच्या रनरखालचे दोन बोल्ट थोडे गेले, बाकी जागेवर क्लिक झाले. मग प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून फेसपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली, म्हणजे पुढच्या वेळी नुसत्या डोळ्यांनी कळेल कोण फिरला ते. पुढच्या दोन ट्रॅक दिवसांनंतर रेघा बघा, ब्रॅकेटचा बोल्टही. भाच्यानं तेव्हा फोटो काढला, रेघांचा.